खिळ्यावरचा डबा

साहेबांनी डबा उघडला. आत काहीच नव्हतं.

स्टीलचा, दोन कप्प्यांचा डबा. दोन्ही कप्पे कोरडे. खालच्या कप्प्यात एक मेलेलं झुरळ पडलेलं, तेवढंच. साहेबांनी तो आधी शेठना दाखवला. मग खाली बसलेल्या बायकांना दाखवला. मग माझ्या तोंडासमोर धरला.

"मम्मी हवा खाती है क्या?"

शेठ हसले. शेठ हसले म्हणून सुपरवायझर हसला. मग बायका हसल्या. त्या बायकांमध्ये माझी माय बसली होती. मायपण हसली.

मी तेव्हा नऊ वर्षांची. सुरतेत आम्ही डिंडोलीला राहायचो, एका रूममध्ये पाच जण. गाव शिंदखेड्याकडचं. बाबा कापड विणायच्या लूमवर, बारा तासांची पाळी. माय साडीवर खडे चिकटवायच्या कारखान्यात. कारखान्याला इथं खातं म्हणतात. सकाळी मी मराठी शाळेत जायची, दुपारी शाळा सुटली की दप्तर टाकून मायच्या खात्यात. मायशेजारी बसायचं, साडी मांडीवर पसरायची, गमचा थेंब सोडायचा, थेंबावर खडा ठेवायचा. खडा इवलासा असतो. मोठ्या बायकांच्या बोटांत तो नीट धरला जात नाही, आमच्या बोटांत धरला जायचा. म्हणून आम्ही सात-आठ पोरी तिथं होतो. नाहीतर आम्हाला कोण विचारतंय.

पोरी कामाला आहेत का बघायला सरकारी चेकिंग यायचं तेव्हा खालून वॉचमन दोनदा बेल वाजवायचा. बाकीच्या पोरी मागच्या जिन्यानं पळायच्या. ज्या पोरीची माय तिथंच कामाला असेल तिनं पळायचं नाही, तिनं भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेला डबा काढायचा आणि मायजवळ उभं राहायचं. कुणी विचारलं तर एकच वाक्य. "मम्मीने टिफिन आपवा आवी छूं." मम्मीला डबा द्यायला आलेय. सुपरवायझरनं आमच्याकडून ते घोकून घेतलं होतं. मला पाढे येत नव्हते, पण ते वाक्य झोपेतून उठवलं तरी आलं असतं.

डबा कायम रिकामाच असायचा. तो उघडून कुणी बघेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेठच्या नाही, सुपरवायझरच्या नाही, माझ्या तर नाहीच नाही.

साहेबांनी उघडला.

आणि एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी माझा हात धरला, पालथा केला, उताणा केला. बोटांना गम वाळून पापुद्रे धरलेले. अंगठ्याला एक खडा तसाच चिकटलेला. घाईत राहून गेला होता. साहेबांनी तो खडा नखानं उचकटला, बोटावर ठेवला आणि शेठपुढे हात केला.

"लो शेठ, तमारो हीरो." घ्या शेठ, तुमचा हिरा.

पुन्हा सगळे हसले. साहेब खुर्चीत बसले. त्यांच्यासाठी थंडा आला. जाताना सुपरवायझर त्यांच्या गाडीपर्यंत गेला, त्याच्या हातात एक खोकं होतं.

मला त्या वयातही एक गोष्ट कळली, आणि ती मला आजवर विसरता आलेली नाही. साहेबांना दिसलं होतं. सगळं दिसलं होतं. त्यांनी माझा अंगठा हातात धरून बघितला होता. कामाला लावलेली पोर त्यांना सापडली होती, आणि त्यांना तिची गंमत वाटली.

साहेब गेल्यावर शेठनं मला बोलावलं. मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, मार मला घरून ओळखीचा होता. शेठनं तो डबा माझ्या डोक्यावर पालथा ठेवला आणि जिन्याच्या तोंडाशी उभं केलं. पडला तर उद्यापासून मायलेकींनी यायचं नाही, म्हणाले. मी संध्याकाळपर्यंत उभी राहिले. येणारे-जाणारे बघायचे. कुणी डब्यावर टिचकी मारायचं. पाणी प्यायला माय माझ्या अंगावरून दोनदा गेली. दोन्ही वेळेला तिनं पदर तोंडाशी धरला होता आणि खाली बघत गेली. मी "माय" म्हटलं. तिनं ऐकलं नाही असं केलं.

त्या दिवसापासून माझं नाव टिफिन पडलं. ए टिफिन, पाणी आण. टिफिन, गोणी उचल. शाळेच्या पटावरचं नाव पुढं शाळेबरोबरच सुटलं. सातवीनंतर मी पूर्ण दिवस खात्यात जायला लागले.

आता हे सगळं सांगून मी तुमच्याकडून हळहळ घेऊन जाऊ शकते. बिचारी पोर, काय भोगलं म्हणाल. पण माझी गोष्ट इथं संपत नाही, आणि पुढची गोष्ट मला सांगायला जड जाते.

मी मोठी झाले. लग्न झालं, कडोदऱ्याला राहायला गेले. नवरा लूमवर. तिथल्याच एका खात्यात लागले, तेच काम, खडे चिकटवायचं. जुने शेठ नाहीत, हे दुसरे. त्यांना सगळे छोटे शेठ म्हणतात. माझ्याच वयाचा माणूस. गोड बोलतो, बायकांना बेन म्हणतो, दिवाळीला मिठाई देतो. हात चलाख, डोकं चलाख, म्हणून पाच-सहा वर्षांत मी त्यांच्याकडं सुपरवायझर झाले. खुर्ची मिळाली. टिफिन हे नाव कसं कुणास ठाऊक तिथंही माझ्या मागं आलं, पण आता लोक टिफिनबेन म्हणायला लागले.

आणि तिथंही पोरी होत्या. तीन, कधी चार. चेकिंगचं बघायचं काम माझ्याकडं आलं.

मी या कामात हुशार निघाले. लहानपणी जे जे चुकलं होतं ते ते मी सुधारलं. पोरींची बोटं आधी खोबरेल तेलानं चोळायची, मग साबण, म्हणजे गमचा पापुद्रा राहत नाही. केस विंचरायचे. एक दप्तर कायम तयार. वाक्य सगळ्यांनी सारखं बोलायचं नाही, कुणी गुजरातीत बोलायचं, कुणी हिंदीत, थोडं अडखळायचं. आणि खिळ्यावरच्या डब्यात खरोखरचं जेवण ठेवायचं. रोज. मी सकाळी घरी स्वयंपाक करतानाच दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी जास्तीची करायची. खात्यात पोहोचल्या पोहोचल्या पहिलं काम, खिळ्यावरचा डबा काढायचा, पुसायचा, भरायचा, परत अडकवायचा.

मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू. छोटे शेठ पाहुण्यांसमोर म्हणायचे, "टिफिनबेन छे एटले टेन्शन नथी." टिफिनबेन आहे म्हणून टेन्शन नाही. मी पदर सावरायची आणि मनातून फुगायची.

संध्याकाळी तो डबा मी रिकामा करायची. दिवसभर गरमीत राहून भाजीला वास यायला लागायचा. खाली रस्त्यावर एक गाय उभी असायची, तिला दोन्ही पोळ्या घालायची. पुण्याचं काम म्हणून नमस्कारपण करायची.

माझी स्वतःची पोरगी आहे. तिला मी कधी खात्याची पायरी चढू दिली नाही. दुसऱ्यांच्या पोरींना मात्र हात धरून चढवलं.

रोशनी अशीच आली. तिचा बाप आमच्याच गल्लीत राहायला आलेला, नंदुरबारकडचा. तोही लूमवर. बायको दोन वर्षांमागं वारली होती. सकाळी सातला तो पाळीवर निघायचा आणि पोरीला रूममध्ये ठेवून बाहेरून कडी घालायचा, कुलूप लावायचा. आमच्या गल्लीत ही काही नवीन गोष्ट नाही. दोघं कामाला जातात त्या घरांत पोरं अशीच असतात. आत पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा, बाहेर कुलूप. पोरगं रस्त्यावर जाऊ नये, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. मायबाप निर्दयी असतात म्हणून नाही. कुणाकडं सोपवायचं तर सगळेच कामाला.

तो एके दिवशी दारात येऊन उभा राहिला. पोरगी मागं.

"ताई, दिवसभर हिले कुलपात ठेवस. परवा रडीरडीनी आवाज बसी गया. तुमना नजरेसमोर राहीन."

नऊ वर्षांची. दोन वेण्या घट्ट बांधलेल्या, त्या बापानंच बांधलेल्या हे बघूनच कळत होतं. मी तिची बोटं बघितली. खरं सांगते, आधी बोटंच बघितली.

"पाठव," मी म्हटलं.

पोरगी कामाची निघाली. गप्प. दिलेलं काम खाली मान घालून करायची. चेकिंगसाठी तर देवानंच धाडल्यासारखी, कारण तिचा चेहरा बघून कुणालाही विश्वास बसायचा. तिची आई तिथं नव्हती, म्हणून मी ठरवलं की चेकिंग आलं की मीच तिची मम्मी. तिला सांगितलं, साहेबांसमोर मला मम्मी म्हणायचं. ती साहेब नसतानाही म्हणायला लागली. मम्मी, गम संपला. मम्मी, मुतायला जाऊ? बायका चेष्टा करायच्या. "काय टिफिनबेन, आयती पोरगी मिळाली." मी हसून सोडून द्यायची.

दुपारी आम्ही बायका डबे सोडून गोल करून बसायचो. रोशनी खिडकीशी बसायची. डबा आणायची नाही. मी कधी तरी अर्धी पोळी द्यायची, कधी लोणच्याची फोड. तू काय खाल्लंस सकाळपासून, असं मी तिला कधी विचारलं नाही. बाप सातला निघतो, स्वयंपाक करणारं घरात कोणी नाही, हे मला माहीत होतं. विचारलं असतं तर रोज द्यावं लागलं असतं.

आणि तिच्या डोक्यावर, भिंतीला, खिळ्याला तो भरलेला डबा लटकलेला असायचा. त्याला हात लावायचा नाही, हे मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. संध्याकाळी मी गायीला पोळ्या घालायची तेव्हा ती शेजारी उभी असायची. बघत असायची. मला वाटायचं, पोरीला गायीचं कौतुक आहे.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ, पंखे गरम वारा फेकत होते. बेल दोनदा वाजली. दोन पोरी मागच्या जिन्यानं गेल्या. रोशनीनं तेलात बोटं बुडवली, साबण लावला, हात पुसले. खिळ्यावरचा डबा काढला. आणि माझ्याकडं बघितलं. तिला काहीतरी सांगायचं होतं. मी साड्यांचे ढीग नीट करण्यात होते, मी हातानंच खूण केली, उभी राहा नीट.

या वेळी साहेब नव्हते, मॅडम होत्या. तरुण. सोबत फाइल धरलेला एक माणूस. मॅडमनी आल्या आल्या थंडा नको म्हणून सांगितलं. त्या सरळ रोशनीपाशी गेल्या. खाली वाकल्या.

"तू अहीं शुं करे छे?" तू इथं काय करतेस?

"मम्मीने टिफिन आपवा आवी छूं." बरोब्बर बोलली. थोडं अडखळली, शिकवल्यासारखं.

मॅडमनी डब्याला हात लावला. रोशनीनं डबा पोटाशी ओढला. झाकणावर दोन्ही हात ठेवले. मला वाटलं, वा, हे तर मी शिकवलंही नव्हतं. मॅडमनी हळूच तिचे हात बाजूला केले आणि झाकण काढलं.

आत काहीच नव्हतं.

चाटूनपुसून साफ. कप्प्याच्या कडेला हळदीच्या तेलाची पुसट रेघ, तेवढीच.

वीस वर्षं गेली मधली, कुठं गेली माहीत नाही. मला तो जिना दिसला. डोक्यावर स्टीलचं ओझं जाणवलं.

पण छोटे शेठ चलाख माणूस. ते पुढं आले, हसले. "मम्मीए जमी लीधुं हशे, मॅडम." मम्मीनं जेवून घेतलं असेल. बघा, कसं सुटलं. किती सोपं. मी फक्त हो म्हणायचं, जेवले म्हणायचं. एवढंच बाकी होतं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

तेवढ्यात रोशनीला रडू फुटलं. तिला यातलं काहीच कळत नव्हतं. तिला वाटलं, चोरी पकडली.

"मम्मी, मीच खाल्ली भाजी. भूक लागली होती."

छोटे शेठ मोठ्यानं हसले. "जोयुं? छोकरी ज जमी गई." बघितलंत? पोरगीच जेवून बसली. बायका हसायला लागल्या. फाइलवाला माणूसही हसला. आणि मी काय सांगू तुम्हाला, माझे ओठ माझ्या नकळत ताणले गेले होते. दात दिसायला लागले होते. मी हसत होते. शेठ हसले म्हणून मी हसत होते.

रोशनी माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी तिच्या जागेवर उभी राहिलेली आहे. तिथून माय कशी दिसते ते मला माहीत आहे.

मॅडमनी विचारलं, "तमारी छोकरी छे?"

"नथी," मी म्हटलं. पुन्हा मोठ्यानं म्हटलं. "मारी नथी. इथं कामाला आहे. रोज येते. अजून दोघी मागच्या जिन्यानं खाली गेल्यात. मीच पाठवल्या. हिला मीच आणली."

हे मी मराठीत बोलले की हिंदीत की गुजरातीत, मला आठवत नाही. मॅडमना कळलं. छोट्या शेठनी माझ्याकडं बघितलं, तसं त्यांनी आधी कधी बघितलं नव्हतं.

इथं थांबले असते तर माझा पराक्रम म्हणून तुम्ही पाठ थोपटली असती. थांबता येत नाही, कारण पुढं जे झालं तेच रोज डोळ्यासमोर येतं.

कायदा असा आहे की अशी पोर सापडली की तिला तिथं ठेवत नाहीत. आधी मुलांच्या सरकारी घरात नेतात, मग बापाला बोलावतात. चांगला कायदा आहे. मॅडमही चांगल्या होत्या, रोशनीचा हात त्यांनी मऊ धरला होता. पण रोशनीला काय कळलं? तिनं फक्त तीन गोष्टी बघितल्या. तिनं डब्यातलं खाल्लं. मम्मी म्हणाली ही माझी नाही. आणि परके लोक तिला गाडीत घालून न्यायला लागले.

तिनं माझ्या साडीचा पदर दोन्ही मुठींत धरला.

"मम्मी, परत नाही खाणार. मम्मी, परत नाही खाणार."

मी तिची बोटं एकेक करून सोडवली. तेलाचा वास येत होता बोटांना.

नोकरी गेली, ते जाऊ द्या. संध्याकाळी तिचा बाप दारात आला. तो ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. उंबऱ्याशी खाली बसला. म्हणाला, "तुमना नजरेसमोर ठेवेल होती ना ताई." गल्लीतल्या बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलं, कारण त्या दोन पोरींच्याही घरी सरकारी माणसं येऊन गेली होती, आणि बाकीच्या खात्यांनीही पोरी घेणं महिनाभर थांबवलं होतं. पोरींच्या हातचे पैसे थांबले, चूल बारीक झाली. माझं नाव निघालं की लोक थुंकायचे.

काही दिवसांनी रोशनी बापाकडं परत आली. बापानं लिहून दिलं होतं, पोरीला कामाला लावणार नाही म्हणून. त्यानं शब्द पाळला. तिला कामाला लावलं नाही. सकाळी सातला बाहेरून कडी, कुलूप.

मी एकदा गेले. दुपारी. खिडकीला जाळी आहे, आत अंधार. मी हाक मारली. ती जाळीशी आली. वेण्या नव्हत्या, केस कापून टाकलेले होते. मी फडक्यात दोन पोळ्या आणि भाजी नेली होती, तीच, बटाट्याची. जाळीचा एक कोपरा सुटलेला आहे, त्यातून आत धरली.

ती बघत राहिली. हात पुढं केला नाही.

"नको," म्हणाली. "तुम्ही साहेबांना दाखवाल."

तुम्ही म्हणाली. मम्मी म्हणाली नाही.

मी पोळ्या खिडकीत ठेवून आले. तिनं त्या खाल्ल्या की नाही, मला माहीत नाही. कुलूप फोडावंसं वाटलं. फोडून पोरगी कुठं ठेवायची होती? माझ्या घरी? मी आता दुसऱ्याच्या घरी धुणंभांडी करते, सकाळी निघते ती चारला येते. आमच्या सगळ्या गल्लीत, एवढ्या लूम, एवढी खाती, साड्यांनी भरलेले टेम्पो रोज निघतात इथून, पण दिवसा पोर ठेवायला एक खोली नाही. मॅडमना मी हे फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, वर कळवते. त्यांनी कळवलंही असेल. त्यांचा आवाज थकलेला होता.

डिंडोलीला मायकडं गेले. माय आता म्हातारी झाली, डोळ्यांना कमी दिसतं, खडे लावून लावून. तिला पहिल्यांदा विचारलं. त्या दिवशी तू का हसलीस?

मला वाटलं, तिला आठवत नसेल.

"तुले आजून याद शे?" म्हणाली. मग म्हणाली, "सेठ हासना तं मी बी हासनू. मंग काय करू?"

आणि पदर तोंडाशी धरला. अगदी तसाच. मी तिच्याशी भांडायला गेले होते. भांडले नाही. तिचं डोकं दाबून दिलं आणि परत आले. तिनं मला का वाचवलं नाही हे मला आता चांगलं कळतं. कळलं म्हणून माफ झालं, असं मात्र नाही. मायचंही नाही आणि माझंही नाही.

आता जबाब आहे. मंगळवारी मला मॅडमच्या कार्यालयात बोलावलंय. छोट्या शेठचा माणूस दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा गोडीनं बोलला. टिफिनबेन, तुम्ही घाबरून काहीतरी बोलून गेलात, असं सांगा. पोरगी तुमच्या नात्यातली, सुट्टीत आली होती, डबा घेऊन. परत कामावर या, खुर्ची तशीच आहे. दुसऱ्यांदा वेगळं बोलला. पोरींना आणत कोण होतं? वाक्य शिकवत कोण होतं? कागदावर शेठचं नाव येईल तेव्हा येईल, तुमचं आधी येईल. तुम्हीच आत जाल.

खरं बोलला तो. नवराही तेच म्हणतो. मी रात्रभर जागून विचार वगैरे काही केला नाही. विचार करायला उरलंच काय होतं.

मी जाणार आहे. मी जबाब बदलणार नाही, उलट वाढवणार आहे. सुपरवायझर झाले तेव्हापासून ज्या पोरींना मी त्या जिन्यानं वर नेलं त्या अकरा जणी आहेत. सगळ्यांची नावं मला येतात, कारण सगळ्यांची बोटं मी तेलानं चोळलेली आहेत. अकराही नावं सांगणार. बेल कोण वाजवतं ते सांगणार. वाक्य कुणी शिकवलं हे विचारलं तर मी, म्हणणार. ते शिकवायला मला पगार कोण देत होतं, तेही न विचारता सांगणार. यानं रोशनीच्या दाराचं कुलूप निघणार नाही, माहीत आहे मला. ती माझ्याशी पुन्हा बोलेल असंही काही नाही. तरी मी तिथून उठणार नाही. दिवसा पोरं ठेवायची खोली कुठं आहे, हेही त्याच कागदावर लिहून घ्या म्हणणार, आणि लिहून घेतील तोवर बसून राहणार. हाकलतील. परत जाणार.

डबा माझ्याकडंच आहे. त्या दिवशी खात्यातून येताना पिशवीत घालून आणला होता. तो त्यांच्या टेबलावर ठेवणार. उघडून बघतीलच. यात काय होतं, विचारतील.

सांगणार. दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. पोरगी सकाळपासून उपाशी होती, हे मला माहीत होतं, आणि ती भाजी मी साहेबांसाठी केली होती. हे लिहा. खाली मी सही करते, पटावर होतं ते माझं पूर्ण नाव घालून.